कशावरून? : जुन्या घरातल्या उन्हाळी फेलोशिपला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

जुनं घर बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. गाइड निजायच्या खोलीत थांबतो, पलंगाकडे हात करतो आणि म्हणतो, "बघा, किती आखूड आहे! त्या काळी लोक बसूनच झोपायचे." सगळे माना डोलावतात आणि पुढच्या खोलीत जातात. याच पलंगाला मोजपट्टी लावून बघा. उंच खांब, वरचं छत, जड पडदे आणि उशांची चळत यांमुळे तो आखूड दिसतो. मोजला की बहुतेक वेळा आजच्या पलंगाएवढाच भरतो. जॉर्ज वॉशिंग्टन ज्या पलंगावर वारले तो अमेरिकेतल्या त्यांच्या माउंट व्हर्नन या घरात आहे. त्याची लांबी साडेसहा फूट आहे.

संग्रहालय झालेल्या जुन्या घरात शिकत काम करायच्या उन्हाळी फेलोशिपमध्ये आठ-दहा आठवडे करायचं काय असतं, असं कुणी विचारलं की मी हाच पलंग सांगते. कुणी काहीही सांगितलं तरी "कशावरून?" विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत कागद, खिळे, रंगाचे थर, जुन्या याद्या यांचा पिच्छा पुरवायचा. अर्ज, शिफारसपत्रं, राहायची सोय ही सगळी तिथवर पोचायची तयारी. पण ती कच्ची राहिली तर पुढचं काही घडतच नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

१. आधी घर कोणत्या जातीचं आहे ते बघा

घर-संग्रहालय म्हटलं की डोळ्यांसमोर थोरामोठ्याचा वाडा येतो. माउंट व्हर्नन तसंच आहे. ॲन पामेला कनिंगहॅम यांनी १८५३ मध्ये ते घर वाचवण्यासाठी बायकांची संघटना उभी केली आणि १८५८ मध्ये दोन लाख डॉलरला खरेदीचा करार केला. आजही तीच संघटना ते घर चालवते. पण प्रत्येक घराची गोष्ट अशी नसते.

लंडनमधलं वास्तुविशारद जॉन सोन यांचं घर घ्या. त्यांनी हयातीतच, १८३३ मध्ये, पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, की आपल्या मागे घर शक्य तितकं आहे तसंच ठेवायचं. १८३७ मध्ये ते वारले आणि कायदा लागू झाला. तिथे कुठली वस्तू कशाशेजारी ठेवली आहे हाच मुळी पुरावा. न्यूयॉर्कमध्ये ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट ही १८६३ मध्ये बांधलेली भाडेकरूंची चाळ आहे. घरमालकाने १९३५ मध्ये वरचे मजले रिकामे केले आणि ते तसेच पडून राहिले. १९८८ मध्ये तिथे संग्रहालयाची स्थापना झाली. तिथे राहून गेलेल्यांपैकी कुणी प्रसिद्ध नव्हतं, त्यामुळे काम चालतं ते जनगणनेच्या पानांवर आणि भिंतीला एकावर एक चिकटलेल्या कागदांवर. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँक यांच्या नाझींपासून लपायच्या खोल्या तर रिकाम्या आहेत. अटकेनंतर तिथलं सामान उचलून नेलं होतं, आणि १९६० मध्ये घर लोकांसाठी उघडलं तेव्हा खोल्या रिकाम्याच राहाव्यात ही त्यांच्या वडिलांची इच्छा होती.

हे सगळं अर्जाआधी का बघायचं? कारण घराच्या जातीवर तुमचं काम ठरतं. भरल्या घरात तुम्ही वस्तू शिकाल, रिकाम्या घरात भिंती, गिलावा, रंग आणि सुतारकाम. चाळीत शिकाल दप्तरं धुंडाळायला. ज्याला चांदीची भांडी बघितली की झोप येते त्याने चांदीसाठी नावाजलेल्या घरी अर्ज करू नये. साधी गोष्ट आहे, पण नाव मोठं दिसलं की लोक ती विसरतात.

२. जाहिरात दोनदा वाचा

फेलोशिप, इंटर्नशिप आणि स्वयंसेवक हे शब्द संस्था आपापल्या सोयीने वापरतात. ढोबळ मानाने, इंटर्नशिपमध्ये तुम्ही एखाद्या विभागाचं चालू काम करता: नोंदी भरणं, फोटो काढणं, मुलांची शिबिरं. फेलोशिपमध्ये शिकवणं असतं आणि शेवटी तुमच्या नावावर एक अभ्यास उभा राहतो. या प्रकाराचा जुना नमुना म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं हिस्टॉरिक डिअरफील्ड. एकाच रस्त्यावरची जुनी घरं सांभाळणारी ही संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिची उन्हाळी फेलोशिप १९५६ पासून चालू आहे. विद्यार्थी तिथेच राहतात, वस्तू हाताळायला आणि वाचायला शिकतात, टूर द्यायला म्हणजे पाहुण्यांना घर फिरवून दाखवायला शिकतात, दुसरी संग्रहालयं बघायला जातात आणि मूळ कागदपत्रांवरून निबंध लिहितात. इतर ठिकाणच्या जाहिराती वाचताना हा साचा मनात धरा, म्हणजे काय कमी आहे ते लगेच दिसेल.

नवख्यांची आणखी एक गल्लत होते. विंटरथर हे डेलावेअरमधलं मोठं घर-संग्रहालय. तिथला विद्यापीठाबरोबरचा प्रसिद्ध अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे. इंग्लंडमधली १९५२ पासूनची ॲटिंगहॅम उन्हाळी शाळा तर मुख्यतः या क्षेत्रात आधीपासून काम करणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही उत्तम, पण पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिथे अर्ज करून वर्ष वाया घालवू नका.

जाहिरातीत हे शोधा: विद्यावेतन किती, राहायची सोय आहे का, जेवण कुणाचं, तुमच्यावर देखरेख कोण करणार, आठवड्यातले किती तास टूरसाठी जाणार, आणि शेवटी तुमच्याकडून काय अपेक्षित आहे. यातलं काही लिहिलेलं नसेल तर ईमेल करून विचारा. विचारल्याने अर्ज मागे पडत नाही. बिनपगारी उन्हाळ्याबद्दल माझं मत कडक आहे. राहायची सोय नाही, विद्यावेतन नाही, आणि कामाच्या वर्णनात "विविध कामांत मदत" एवढंच लिहिलं असेल तर तिथे फक्त घरचा भक्कम आधार असलेलीच मुलं पोचतात, आणि शिकायलाही फारसं मिळत नाही. अशा ठिकाणी जाण्यापेक्षा जवळच्या दप्तरखान्यात आठवड्याचे दोन दिवस काढलेले बरे.

परदेशी जायचं असेल तर व्हिसाचा प्रश्न सगळ्यात आधी. अमेरिकेत अशा कामासाठी बाहेरच्या देशातले विद्यार्थी सहसा जे-१ या प्रकारावर जातात. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेने डीएस-२०१९ हा फॉर्म द्यावा लागतो. काही कार्यक्रम फक्त नागरिकांना किंवा तिथेच शिकणाऱ्यांना घेतात. हे जाहिरातीच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतं, म्हणून वाचायला तळापासूनच सुरुवात करा.

उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्याचं म्हणजे जून ते ऑगस्टचं बोलायचं तर अर्ज बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये बंद होतात. म्हणजे शिफारसपत्रांची विनंती हिवाळ्याच्या सुट्टीआधी गेलेली बरी.

३. अर्जाचं पत्र

"मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे." हे वाक्य खोडा. निवड करणारा माणूस एका संध्याकाळी अशी चाळीस पत्रं वाचतो, आणि आवड सगळ्यांनाच असते. त्याऐवजी त्या घराबद्दलचा एक खरा प्रश्न लिहा. नमुना म्हणून:

"तुमच्या घराच्या फोटोंत मागच्या जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या दिसतात, पुढच्या जिन्याच्या तशा दिसत नाहीत. मागच्या जिन्याने कोण, काय घेऊन, दिवसातून किती वेळा चढत असेल? घरच्या हिशेबवह्यांत पाणी, सरपण आणि मजुरीच्या नोंदी असतील तर त्यावरून काही हाती लागेल का, हे मला बघायचं आहे."

एवढ्या तीन वाक्यांत तीन गोष्टी कळतात: तुम्ही डोळे उघडे ठेवून बघता, प्रश्न कुठे विचारायचा हे तुम्हाला समजतं, आणि उत्तर आधीच ठरवून तुम्ही आलेला नाहीत. पुढे जाऊन हा प्रश्न चुकीचा ठरला तरी बिघडत नाही. जिना नंतर बदललेलाही असू शकतो, आणि ते शोधून काढणं हेही कामच.

शिफारसपत्र त्या शिक्षकांकडून घ्या ज्यांनी तुमचं काम लाल पेनने तपासलं आहे. विभागप्रमुखांच्या सहीचं मोघम पत्र कुणाला भुलवत नाही. निदान चार आठवडे आधी विनंती करा, सोबत जाहिरात, तुमच्या पत्राचा मसुदा आणि तुम्ही त्यांच्यासाठी लिहिलेला एखादा निबंध जोडा. लेखनाचा नमुना मागितला असेल तर तीस पानी निबंधाची सुरुवात पाठवू नका; एखादं पत्र, नकाशा किंवा यादी हातात धरून तुम्ही तिचा अर्थ लावला आहे, अशी पाच-सहा पानं निवडा.

आणि हो, दुकानात माल मोजण्याचं काम केलं असेल, शिवण येत असेल, सुतारकामाची ओळख असेल, जुनं मोडी किंवा कुठलंही जुनं वळण वाचता येत असेल, तर ते अर्जात घालाच. मुलं लाजून हेच वगळतात. टाका कुठल्या बाजूने घातलाय हे ज्याला दिसतं त्याला जुन्या कपड्यासमोर उभं केलं की इतिहासाचे पदवीधर मागे पडतात.

मुलाखतीत समोर एखादी वस्तू किंवा फोटो ठेवून "काय दिसतं?" असं विचारू शकतात. याचा सराव घरी करा. कप घ्या आणि "कप", "चहा", "कान" हे शब्द न वापरता पाच मिनिटं त्याचं वर्णन करा: माप, वजन, कुठे खडबडीत, कुठे झीज, चकाकी कुठे संपते. येल विद्यापीठाचे अभ्यासक ज्यूल्स प्राउन यांनी १९८२ मध्ये वस्तू वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: आधी नुसतं वर्णन, मग वापरून काय जाणवेल याचं अनुमान, आणि त्यानंतरच तर्क. नवखा माणूस थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. मुलाखत घेणाऱ्याला तेच तपासायचं असतं.

४. बॅगेत काय

मऊ तळव्याचे बूट, भरपूर पेन्सिली, छोटं भिंग, टॉर्च, आणि कापडी मोजपट्टी. धातूची मोजपट्टी नको; झटक्यात आत जाताना ती पॉलिशवर ओरखडा काढते. पेन घरातल्या खोल्यांत चालत नाहीत. अंगठ्या, बांगड्या, लांब साखळ्या, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र हे सगळं वस्तूंजवळ काढून ठेवावं लागतं. पाठीवरची सॅक अरुंद दारात मागे वळताना काय करते ते मी बघितलंय, तेव्हा तीही बाहेरच.

५. पहिला आठवडा हातांचा

माझ्या पहिल्याच दिवशी एका खोलीतली खुर्ची दोन फूट बाजूला करायची होती. आपण घरी करतो तसं मी पाठीची वरची दांडी धरली. मागून आवाज आला, "हात काढा." रागावून नव्हे, पण इतका शांत, की तो मला अजून ऐकू येतो. त्या बाईंनी मला गुडघ्यावर बसवलं आणि पाठीची दांडी जिथे खांबाला मिळते तो सांधा भिंगातून दाखवला. सरसाचा जुना थर सुकून भुगा झालेला, आणि शेजारी केसाएवढी भेग. दोनशे वर्षांत कुणाकुणी अशीच दांडी धरून ती उचलली होती. खुर्ची धरायची ती बैठकीच्या चौकटीला, दोन्ही बाजूंनी, आणि उचलायची. ओढायची कधीच नाही.

हाच नियम सगळीकडे: वस्तूचा सगळ्यात मजबूत भाग शोधा, दोन्ही हात लावा. किटली कानाने उचलू नका. झाकण वेगळं न्या. उचलण्याआधी ती ठेवायची जागा रिकामी आहे का बघा, वाटेतलं दार उघडा. पांढरे सुती हातमोजे सिनेमात शोभतात. चिनी मातीवर आणि काचेवर ते घसरतात, तिथे धुऊन कोरडे केलेले उघडे हात बरे. धातू आणि फोटोंसाठी नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालतात, कारण घामातल्या क्षाराने बोटांचे ठसे धातूत कोरले जातात. पेंढा भरलेले प्राणी आणि एकोणिसाव्या शतकातलं हिरवंगार काही दिसलं, भिंतीचा कागद किंवा पुस्तकाची बांधणी, तर विचारल्याशिवाय हात लावू नका. त्या हिरव्यात आर्सेनिक असू शकतं.

वस्तूच्या तळाशी बारीक अक्षरांत १९८७.१२.३ असा आकडा दिसेल. १९८७ मध्ये आलेल्या बाराव्या देणगीतली तिसरी वस्तू, असा त्याचा अर्थ. पॅरालॉइड बी-७२ नावाच्या पारदर्शक राळेचा थर देऊन, त्यावर आकडा लिहून, वर पुन्हा थर देतात. ॲसिटोनने तो पुसता येतो. हा आकडा म्हणजे वस्तूचं नाव. तो चुकीचा उतरवला तर तुमची अख्खी नोंद दुसऱ्याच कपाटाच्या खात्यावर जाते. दोनदा वाचा, एकदा मोठ्याने.

खोल्या अंधाऱ्या का, हे पाहुणे रोज विचारतील. कापड, जलरंग, कागद यांवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत, तैलचित्रांसाठी सुमारे २००. बाहेर कडक उन्हात लाखभर लक्स असतो. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही: ५० लक्समध्ये दहा तास आणि ५०० लक्समध्ये एक तास, दोन्हींचा हिशेब सारखाच. पाहुण्यांना सांगायची सोपी युक्ती म्हणजे खुर्चीच्या गादीची खालची बाजू. वर राखाडी, खाली लालभडक. परवानगी घेऊन एकदा दाखवा, मग पडदा उघडायला कुणी सांगणार नाही.

कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे ठेवलेले असतात. आठवड्याला ते तपासून किती कसर, किती गालिच्याचे भुंगेरे, किती झुरळं हे मोजायचं काम बहुधा फेलोच्याच वाट्याला येतं. मला ते आवडायचं. एखाद्याच सापळ्यात अचानक कसरीची पाखरं वाढली की त्या भिंतीमागे काहीतरी मऊ, लोकरी आणि विसरलेलं पडलेलं असतं. कसर लागलेली वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे ३० अंश सेल्सिअसवर तीन दिवस किंवा उणे २० वर साधारण दोन आठवडे गोठवतात. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडायचं नाही, नाहीतर दव धरतं.

एक गोष्ट स्वतःहून विचारा: आग लागली तर आधी काय बाहेर काढायचं? इंग्लंडमधलं अपपार्क हे जुनं घर १९८९ मध्ये छताची दुरुस्ती संपत आली असतानाच पेटलं, पण खालच्या मजल्यांवरच्या बऱ्याच वस्तू माणसांनी हातोहात बाहेर काढल्या. ते घर पुन्हा उभं करून १९९५ मध्ये उघडलं. अशा वेळची यादी प्रत्येक चांगल्या घरात तयार असते.

६. घर वाचायला शिका

इथून खरी मजा. माळ्यावर किंवा तळघरात जायची परवानगी मिळाली तर टॉर्च भिंतीला समांतर धरा. तिरप्या उजेडात करवतीच्या खुणा उठून दिसतात. सरळ समांतर रेघा असतील तर फळी वरखाली चालणाऱ्या करवतीने कापलेली. कमानीसारख्या वळणदार रेघा असतील तर गोल करवतीने, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची. खिळा बघा. लोहाराने ठोकलेला खिळा चारी बाजूंनी निमुळता होत जातो. पत्र्यातून यंत्राने कापलेला दोनच बाजूंनी निमुळता असतो. हे खिळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतात. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सर्रास झाला.

पण थांबा. गोल खिळा सापडला म्हणून भिंत नवी ठरत नाही. कुणीतरी ती नंतर दुरुस्त केली असेल. खिळा एवढंच सांगतो, की हा जोड याच्या आधीचा नाही. आणि जुना खिळा तर काहीच सिद्ध करत नाही, कारण काटकसरी माणसं जुने खिळे सरळ करून पुन्हा वापरत. एका खिळ्यावर घराचं वय ठरवणारे उत्साही लोक तुम्हाला भेटतील. त्यांना तो प्रेमळ प्रश्न विचारा: कशावरून?

रंगाचंही तसंच. विसाव्या शतकाच्या मध्यात अनेक जुनी घरं फिक्या, शांत रंगांत रंगवली गेली, कारण जुने रंग असेच असणार असं वाटायचं. पुढे रंगाचे कपचे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजले तेव्हा तळाशी झगझगीत हिरवे आणि निळे सापडले. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं, उन्हात काही निळे उडतात, आणि मधल्या पिढ्यांना दिसला तो उडालेला रंग.

कागदांमध्ये नवख्याला सगळ्यात जास्त देणारा कागद म्हणजे माणूस वारल्यावर केलेली मालमत्तेची यादी. दोन-तीन शेजारी कारकुनासारखे खोलीमागून खोली फिरतात आणि दिसेल त्याची किंमत लिहितात. त्यांच्या चालण्याचा क्रम यादीत उतरतो, त्यामुळे हातात नकाशा घेऊन त्यांच्या मागे चालता येतं. कुठल्या खोलीत चौदा खुर्च्या, कुठल्या खोलीत फक्त "जुनी गादी". मात्र स्वस्त वस्तू "किरकोळ" म्हणून एका ओळीत गुंडाळलेल्या असतात आणि वारसांनी आधीच उचललेलं यादीत येत नाही. शिवाय गुलामगिरी होती तिथे याच यादीत, गुरं आणि खाटा यांच्या मधे, माणसांची नावं आणि पुढे किंमत लिहिलेली असते. पहिल्यांदा असं पान समोर आलं की वाचन थांबतं. थांबू द्या, आणि मग ती नावं नीट उतरवून घ्या. त्या माणसांबद्दल पुष्कळदा तेवढाच कागद उरलेला असतो.

७. टूर देताना

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तुम्हाला पाहुण्यांसमोर उभं करतील. घरातले जुने गाइड प्रेमाने ज्या गोष्टी सांगतील त्यांतल्या काही गंमतशीर आणि बिनबुडाच्या असतात. "कपाट म्हणजे एक खोलीच असं मानून कर लागायचा, म्हणून घरात कपाटं नाहीत." "शेगडीपुढचा पडदा बायकांच्या चेहऱ्यावरचं मेण वितळू नये म्हणून." "वॉशिंग्टनची कवळी लाकडाची." पहिल्या दोन्हींना आधार सापडत नाही. कवळ्या शिल्लक आहेत, तपासल्या आहेत. त्यांत हस्तिदंतासारखे प्राण्यांचे दात, माणसांचे दात आणि धातू आहे, लाकूड नाही.

अशा वेळी चारचौघांत जुन्या गाइडला खोडून काढू नका. चहाच्या वेळी विचारा, "काका, ही गोष्ट कुठे वाचली होती? मला निबंधात घालायची होती." तेही शोधायला लागतात. पाहुण्यांना मात्र खोटं देऊ नका. "लोक असं सांगतात, आपण मोजून बघू" म्हणून मोजपट्टी पाहुण्याच्याच हातात दिली की ती दंतकथेपेक्षा जास्त रंगते, हा माझा अनुभव. "मला माहीत नाही" हे वाक्य पहिल्या दिवशी घशात अडकतं. दहाव्या टूरला सहज निघतं.

खोलीत बोलायला सुरुवात करताना मालकापासून करू नका. ही खोली सकाळी कुणी झाडली, पाणी कुणी आणलं, दिवा कुणी पुसला, तिथून करा. वेल्समधल्या अर्डिग या घरात मालक घराण्याने अठराव्या शतकापासून नोकरांची चित्रं काढून घेतली, त्यांवर कवनंही रचली. तिथे आज पाहुणे कामाच्या अंगणांतून घरात शिरतात. इतकं नशीब बहुतेक घरांचं नसतं. अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसांना गुलाम म्हणून ठेवलं. त्यांच्या मॉंटिचेलो या घरात त्या कुटुंबांच्या वंशजांच्या आठवणी गोळा करण्याचं काम १९९३ मध्ये सुरू झालं, कारण मालकाच्या कागदांतून त्या माणसांचा आवाज पुरेसा येत नव्हता.

कधीतरी पाहुणा म्हणेल, "इथे राजकारण कशाला? आम्ही फर्निचर बघायला आलो." वाद घालू नका. टेबलावर हात न ठेवता बोट दाखवा आणि विचारा, हे पॉलिश कुणी केलं असेल?

८. निबंध

प्रश्न लहान ठेवा. "अठराव्या शतकातलं स्त्रीजीवन" आठ आठवड्यांत होत नाही. "या घरात १८१० ते १८२० मध्ये साखर किती आली आणि कुठल्या खोलीत कुलपात ठेवली" होतं, आणि त्यातून स्त्रीजीवनही येतं, कारण किल्ल्या कुणाकडे होत्या ते त्यात कळतं.

पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न काढा. दुसऱ्यात दप्तर सांभाळणाऱ्या माणसाकडे जा. ते तीनपैकी दोन मारतील, कारण कागद कुठे आहेत आणि कुठले उंदरांनी खाल्ले हे त्यांनाच ठाऊक असतं. सहाव्या आठवड्याला वाचन बंद. हे सगळ्यात अवघड. अजून एक पेटी उघडावीशी वाटते, पण लिहायला बसलात तरच कळतं की कुठला दुवा निसटलाय. टिपण काढताना प्रत्येक कागदाचा पेटी क्रमांक, फाइल क्रमांक आणि तारीख त्याच पानावर लिहा. फोटो काढलात तर पहिला फोटो पेटीच्या लेबलचा घ्या. मी एका उन्हाळ्यात हे केलं नाही आणि शेवटचे चार दिवस एका सुंदर पत्राचा पत्ता शोधण्यात घालवले. पत्र निबंधात आलंच नाही.

९. शेवटच्या आठवड्यात

निबंध सादर होतो, टाळ्या पडतात, निरोपाचे फोटो होतात. त्याआधी दोन कामं उरका. देखरेख करणाऱ्याशी अर्धा तास बसून पुढच्या शिफारसपत्राबद्दल स्पष्ट बोला, तुमचं काम त्यांच्या मनात अजून ताजं आहे तोवर. आणि घराच्या दप्तरात तुमच्या विषयाची एक फाइल करून ठेवा: निबंधाची प्रत, टिपणं, फोटोंची यादी. तिच्यात सगळ्यात वर एक पान ठेवा, ज्यावर तुम्ही कुठल्या पेट्या उघडल्या आणि त्यांत काय शोधलं पण सापडलं नाही ते पेन्सिलीने, तारीख घालून लिहिलेलं असेल. पुढच्या जूनमध्ये कुणीतरी त्याच साखरेच्या मागावर येईल, आणि त्या पानामुळे त्याचे दोन आठवडे वाचतील.